लग्नपत्रिकांच्या पाठीवरचा कोश

शनिवारी दुपारी आण्णा जुन्या लग्नपत्रिका कापत बसले होते. पत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर ते एकेक शब्द टिपत. चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजी नाटकांत, कवितांत आलेला रोजचाच शब्द आणि त्याचा तेव्हाचा अर्थ. मुरगूडच्या कॉलेजात तीस वर्षं त्यांनी पोरांना असंच शिकवलं. आता त्याचं पुस्तक व्हायचं होतं. टाइप करायचं काम लेकीकडं, तेजस्वीकडं होतं. तीही कोल्हापुरात इंग्रजीच शिकवायची.

"हे ऐक की. प्रेझेंटली. आज म्हणजे थोड्या वेळानं. तवा म्हणजे आत्ताच्या आत्ता. दूध उतू चाललंय, पळ! आसं."

"हं." पेपर तपासून तिचे डोळे चुरचुरत होते.

"आणि फाँड? आज म्हणजे मायाळू. तवा म्हणजे खुळं. तुझ्या आईगत."

"व्हय, खुळी म्हणूनच नांदली तुमच्यात," आई आतून म्हणाली.

आण्णा हसले. "प्रूफ आलं का गं?"

"येईल."

प्रूफ आठ दिवस तिच्या पिशवीत पडून होतं. उतू जाणारं दूध, खुळी माणसं, सगळं तिनं टाइप करतानाच काढून टाकलं होतं. त्यांच्या जागी 'त्वरित', 'मूर्ख' असले धुतलेले शब्द घातले होते. विद्यापीठातली माणसं हसतील म्हणून. सांगू, उद्या सांगू, म्हणत ती दमून गेली होती.

रविवारी पहाटे आण्णा झोपेतच गेले.

तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जनाला नदीकाठी माणूस मावेना. रीतीप्रमाणं भाषणं झाली. आण्णांचा विद्यार्थी उदयसिंह स्वतःच पुस्तक छापत होता. तो आपल्याकडची प्रूफची पानं घेऊन उभा राहिला.

"प्रेझेंटली म्हणजे त्वरित, अविलंब. बघा पावणं, सरांची भाषा किती शुद्ध! उद्याच छपाईला घेतो."

मागून कुणीतरी पुटपुटलं, "सर कवा बोललं आसं?"

तेजस्वी बायकांतून उठली. तिथं बायका बोलत नसत. आईनं पदर ओढला, तो तिनं हळूच सोडवला.

"उदयसिंह, छापू नका. ते शब्द आण्णांचे न्हाईत. माझे हाईत."

ती राखेकडं वळली.

"आण्णा, मला तुमच्या बोलण्याची लाज वाटायची."