फोटो काढणारी बाई

झुंबरबाई गेली आणि दहाव्याच्या फ्लेक्सला लावायला तिचा एक धड फोटो सापडला नाही. दोन मुलं, दोन सुना, तीन नातवंडं, घरात चार मोबाइल. थोरला सुरज कंपनीच्या गेटवर येऊन आम्हा बायकांना एकेकीला विचारत होता, "मावशी, तुमच्या मोबाइलात आईचा फोटू हाय का वो?" कुरकुंभच्या औषध कंपनीत पॅकिंगला आम्ही दोघी अकरा वर्षं शेजारी शेजारी उभ्या राहिलो. पण आत मोबाइल न्यायला बंदी, आणि बाहेर पडलं की घर गाठायची घाई. फोटो कोण काढतंय?

शेवटी तिच्या गेटपासवरचा फोटो मोठा केला. तो पास भर शिफ्टमध्ये काढलेला, त्यामुळे डोक्याला पांढरी जाळीची टोपी. दहाव्याला एक म्हातारी फ्लेक्सकडे बघून मला म्हणाली, "नर्स हुती व्हय गं ही?" मी नुसतं "न्हाई" म्हणाले. सुरज मागेच उभा होता, त्याने ऐकलं. त्याच्या तोंडाकडे मला बघवेना.

त्या दिवसापासून डोक्यात किडा शिरला. कारण माझीही गत तीच, किंबहुना थोडी वाईटच. माझे दात पुढे आहेत. थोडेथोडके नाहीत, ओठ ओढून मिटावे लागतात इतके. लग्नात फोटोग्राफर दर फोटोला "नवरीनं तोंड मिटा" म्हणायचा आणि मांडवात हशा पिकायचा. मी पण हसायचा प्रयत्न करायची, मग तो पुन्हा ओरडायचा. तेव्हाच ठरवलं, ह्या यंत्रासमोर पुन्हा उभं राहायचं नाही; लग्नाचा अल्बमही पुढे चुलीत घातला. घरात पहिला कॅमेऱ्याचा मोबाइल आला तो मी हातात घेतला आणि सोडलाच नाही. वाढदिवस, वास्तुशांत, दहावीचा निकाल, लेकीचं लग्न, सगळे फोटो मी काढले. भावकीतल्या बायका म्हणायच्या, "सुलक्षणाला लई हौस." हौस कसली डोंबलाची! फोटो काढणारी बाई फोटोत येत नाही, एवढंच मला हवं होतं.

तर परवाच्या रविवारी शिरूरला अपेक्षाचं डोहाळजेवण होतं. एकुलती एक लेक, सातवा महिना. आठवडाभर सकाळपाळी केली, शनिवारी वर ओव्हरटाइम झाला. ह्यांच्या उसाला तोड आलेली, त्यामुळे मी एकटीच निघाले. वरवंडहून चौफुला, तिथून शिरूरची एसटी. एका हातात करंज्यांचा डबा, दुसऱ्यात ओटीचं सामान, आणि न्हावऱ्यापर्यंत उभ्याने. पाय सुजून चपलेत मावेनात. लेकीचं कौतुक करायला निघाले होते, पण खरं सांगायचं तर कुठेतरी आडवं व्हावं एवढंच मनात होतं.

तिकडे थाट मोठा. फुलांचा झोपाळा, लेकीच्या हातात थर्माकोलचा धनुष्यबाण, दिव्यांना दोन छत्र्या लावलेला फोटोग्राफर. त्या छत्र्या दिसल्या आणि मी सवयीने स्वयंपाकघर गाठलं. अपेक्षाच्या सासूबाई, कस्तुराबाई, झारा हातातून काढून घ्यायला लागल्या. "विहीणबाई, तुम्ही पाव्हण्या. बसा की वो भाईर."

"असू द्या. बसून तरी काय करू?" म्हणत मी पुऱ्या तळत राहिले.

बाहेरून दोनदा हाक आली, "मुलीची आई कुठाय?" मी पुरी उलटली. तिसऱ्यांदा हाक आली नाही, अपेक्षाच आली. अंगभर फुलांचे दागिने, काखेत एक जाडजूड वही. बाळासाठी ती महिनाभर त्यात फोटो चिकटवत होती, मला फोनवर सांगायची.

"ह्यातलं आजीचं पान बघ," ती म्हणाली.

पानावर वरती कस्तुराबाई, ठसठशीत, नथ घातलेल्या. खाली सुंदर अक्षरात लिहिलेलं, 'वरवंडची आजी'. तिथे अपेक्षाचाच जुना फोटो होता, शाळेच्या निरोपसमारंभाचा. त्यात मी कुठे आहे ते कळेना.

"हे तर तूच हायस की."

तिने कोपऱ्यातल्या एका तपकिरी डागावर बोट ठेवलं. "ही तू. तुझं बोट आलंय काचंवर. तीन दिवस घरातलं समदं फोटू बघितलं मम्मी, तुझं एवढंच घावलं." आधी आवाज चिडका होता, मग तो फुटला. "बाळाला काय सांगू? ही बघ तुझी आजी, हिचं बोट बघ?"

कंपनीच्या गेटवर सुरज उभा राहिला होता तिथे मला माझी लेक दिसली. बायकांना एकेकीला विचारत फिरणारी. इतकी वर्षं दातांची लाज वाटली, त्या दिवशी पहिल्यांदा लपण्याची वाटली. मी गॅस बंद केला, हात पुसले आणि पिठाच्या पदरानिशी जाऊन झोपाळ्यावर तिच्या शेजारी बसले.

"काकू, इकडं बघा," फोटोग्राफर म्हणाला.

मी सवयीने ओठ ओढले. पण ओठ मिटून धरायलासुद्धा जोर लागतो. सहा दिवसांचं उभं काम, दोन गाड्या, दीडशे पुऱ्या. तेवढा जोर अंगात उरलाच नव्हता. अपेक्षाने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं, ओठ सुटले, दात बाहेर आले आणि फ्लॅश उडाला.

त्याने कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर फोटो दाखवला. डोळ्यांखाली काळं, कानाशी पांढरं, आणि दात असे, की माझ्याआधी तेच फोटोत पोचलेले. आवडला म्हणाले तर खोटं होईल. पण लेकीचं डोकं ज्या खांद्यावर होतं तो खांदा माझा होता, त्यात कुणालाही शंका आली नसती.

पोरगा भला होता. माझं तोंड बघून हळूच म्हणाला, "काकू, टेन्शन घेऊ नका. कॉम्प्युटरवर दात आत घेतो, रंग जरा उजळतो. वळखू यायच्या न्हाईत तुम्ही."

मन हललं, खोटं कशाला बोलू? देवाकडे आयुष्यभर जे मागितलं ते हा पाच मिनिटांत देत होता.

"नगं बाबा," मी म्हणाले. "ते बाळ फोटूतल्या बाईला आजी समजंल, आन् मी घ्यायला गेले की भोकाड पसरंल. हाय तशी छाप. त्याला ह्या तोंडाच्या बाईकडं झेप घ्यायचीय."