बदलीचा माणूस येईपर्यंत

“बदलीचा माणूस आल्याशिवाय बॉयलर सोडायचा नाय गो. आभाळ फाटलं तरी नाय.”

गेलेल्या वडिलांचा, श्रीपतरावांचा, हा आवाज कानात होता आणि इरावतीने स्फोटाची ओळ खोडली.

महाडच्या घरात बसून ती एका जुन्या विज्ञानपटाच्या नव्या आवृत्तीचा शेवट लिहीत होती. चंद्रावरचं ठाणं. दोनशे माणसं झोपलेली, त्यांची हवा सांभाळणारी एकटी बाई, आणि तिच्या जागी येणारा माणूस येतच नाही. जुन्या चित्रपटात ती आपली हवा त्यांना देऊन मरते. दिग्दर्शक आमोदला या वेळी ठाणंही उडवून हवं होतं. इरावतीच्या कागदावर मात्र अकराव्या दिवशी माणूस पोचत होता.

“ताई, यात कोणी मरतच नाही,” आमोद फोनवर म्हणाला.

“नाही.”

“लोकांनी काय बघायचं? बाई बसून राहिली ते?”

“हो. अकरा दिवस.”

“तुमचे उपासतापास घरी ठेवा हो!” तो हसला. मग हसणं थांबवून म्हणाला, “चारपर्यंत शेवट पाठवा. निर्मात्यांना तुमचाही दाखवतो, पण चारनंतर नाही. मग दुसरा लेखक, आणि नावही त्याचं.”

दोन वर्षं ती हा चित्रपट लिहीत होती. पहिलाच.

फोन ठेवून तिने पान पुन्हा वाचलं. दार उघडतं, दोघं मिठी मारतात. हे तिलाच खोटं वाटलं. तिने उमरठला कोंडाजीकाकांना फोन लावला. औद्योगिक वसाहतीत काका आणि वडील एकाच बॉयलरवर होते. एका पुरात रस्ता तुटला, वडील पोचले नाहीत, आणि काका सलग तीन पाळ्या एकटे बसून राहिले.

“काका, बाबा आले तेव्हा तुम्ही काय म्हणालात?”

“काय बोलनार? पाण्याची पातळी सांगितली, प्रेशर सांगितलं, नि उठलो.”

“राग नाही आला?”

“आला की! पण चार्ज दिल्यावर. भायेर नेऊन तुझ्या बापाला चार शिव्या घातल्या. मंग रडलो जरा.”

“बाबा हे कधी बोलले नाहीत.”

“रडल्याचं कुनाला सांगू नको, बोललो होतो त्याला.”

इरावतीने पेन खाली ठेवलं. तीस वर्षं एका घरात राहून वडिलांनी हे सांगितलं नव्हतं.

“सिनेमात घालतेस काय गो?”

“तुम्ही हो म्हणालात तरच.”

“घाल. पन कुनाला द्यायच्या आधी हितं येऊन मला वाचून दाखव, फोनवर नको. डोळे गेलं माझं. ऐकून समजल.”

“आजच येते काका. तुम्हाला ऐकवल्याशिवाय कुणाला देणार नाही.”

“जेवायलाच ये.”

“गुरुवार आहे.”

“मंग वरी शिजवायला सांगतो.”

तिने मिठी खोडली. बाई पातळी सांगते, दाब सांगते, उठते. दाराबाहेर गेल्यावर शिव्या देते, मग भिंतीला टेकून रडते. अर्ध्या तासात लिहून झालं.

तीन वाजता आमोदचा मेसेज आला. ‘पाठवताय ना?’

‘लिहून झालंय. आधी एकांना वाचून दाखवायचं आहे. उद्या सकाळी पाठवते.’

‘चार म्हणजे चार, ताई.’

इरावतीने देवापुढचा दिवा सारखा केला, कागद घडी न घालता पिशवीत ठेवले आणि चप्पल पायात सरकवली. स्टँडवर पोलादपूरची गाडी लागली होती. ती खिडकीशी बसली आणि कंडक्टरला विचारलं, “पोलादपूरहून उमरठला आत्ता काही मिळेल का?”

“गाडी पाचला हाय.”

“चालेल,” ती म्हणाली. “पोलादपूर एक द्या.”