चहाच्या डागातून उभा राहिलेला खांब

मी खांब बोलतोय. खांबानं स्वस्थ उभं राहावं अशी जगाची अपेक्षा असते. माझ्याच्यानं ते कधी झालं नाही, आणि हल्ली तर मुळीच होत नाही. ह्या हॉटेलात शिरताना तुमचं नाक ज्याच्यावर आपटता आपटता वाचतं ना, तो गोल, जाडजूड गडी म्हणजे मी. बाकीचे खांब बघा. चौकोनी, एका ओळीत, परीक्षेला बसल्यासारखे. मी एकटाच गोल आणि ओळ सोडून मधोमध. असं का, ते सांगतो. थोडी थाप असेल, पण थोडीच.

ही इमारत बांधली ती कचेरीसाठी. तेव्हाचे इंजिनियरसाहेब नकाशावरच चहाचा कप ठेवायचे. एकदा कप उचलला, खाली गोल डाग उरला, आणि साहेब आठ दिवसांच्या रजेवर गेले. मागे राहिले गवंडीदादा. त्यांनी नकाशा उजेडात धरला, डोकं खाजवलं, म्हणाले, "साहेबांनी इथं गोल खांब दाखवलाय." झालं! कंबरभर पाया खणला, विटेवर वीट चढली. साहेब परतले तेव्हा मी छताजवळ पोचलो होतो.

साहेबांनी मला पाहिलं, नकाशा पाहिला, नकाशावरचा डाग पाहिला. तोंडचं पाणीच पळालं. चूक कबूल करावी तर चारचौघांत शोभा. मग त्यांनी घसा खाकरला आणि जाहीर केलं, "हा विशेष खांब आहे. अख्ख्या इमारतीचा भार ह्याच्यावर."

माझं डोकं आणि वरचा बीम ह्यांच्यात दोन बोटांची फट उरली होती. गवंडीदादांनी सिमेंटच्या पोत्याचा कागद चार घड्या घालून तिच्यात कोंबला आणि वरून गिलावा ओढला. म्हणजे खरं पाहिलं तर माझ्यावर पालीचासुद्धा भार नव्हता. पण मला कशाला लाज! साहेबांनी दिलेली थाप मी अंगरख्यासारखी चढवली आणि मिरवत राहिलो.

कचेरीत माझा मोठा थाट होता. खिडकीपुढची रांग मला वळसा घालून जायची. काम झालेला माणूस मला थोपटायचा, न झालेला बुक्की मारायचा. साहेबांच्या केबिनमधून माझ्यामागचं टेबल दिसत नसे, त्यामुळे त्या टेबलासाठी बायका-पुरुष एकमेकांच्या जिवावर उठत. शेवटी ते बळकावलं हेडक्लार्कबाईंनी. त्यांना सगळे टाचणी म्हणत, कारण अंगानं एवढ्याशा आणि बोलल्या की रुततच. माझ्याआड बसून त्यांनी भाच्यासाठी स्वेटर विणायला घेतला. तो इतकी वर्षं चालला, की भाचा मोठा होऊन त्याच कचेरीत नोकरीला लागला तरी दुसरी बाही व्हायची होती. नवा माणूस मला टेकला की शिपाई ओरडायचा, "ओ, टेकू नका! इमारत त्याच्यावर उभी आहे!" हे ऐकलं की मी बोटभर फुगायचो.

मग कचेरी दुसरीकडे गेली. काही वर्षं कबुतरांनी कारभार पाहिला. आणि एके सकाळी टेप, पट्ट्या, शिड्या घेऊन माणसं शिरली. कचेरीचं हॉटेल व्हायचं होतं. फायलींच्या खोल्यांत न्हाणीघरं निघाली, केबिनमध्ये पलंग आले. सगळं आखणाऱ्या आर्किटेक्ट मॅडम मात्र माझ्यासमोर आल्या की थबकायच्या आणि बोटाच्या पेरानं टकटक करायच्या.

हॉटेलचे मालक म्हणाले, "मॅडम, पाहुणा दारातून आला की समोर काउंटर दिसलं पाहिजे. हा दांडगोबा नाही."

"काढूया," मॅडम म्हणाल्या. "वरच्या मजल्यावर ह्याच्या रेषेत काहीच नाही. मला वाटतं हा नुसताच उभा आहे."

त्यावर कामावरचे मिस्त्री पुढे आले. पिकलेल्या मिशांचा माणूस, त्या गवंडीदादांचाच मुलगा. "मॅडम, ह्याला मी घण लावणार नाही. लहानपणी बाबांनी इथं आणून दाखवलं होतं मला. म्हणाले होते, हा काढला तर इमारत बसेल."

"मिस्त्री, तीस वर्षं भिंती पाडताय तुम्ही."

"भिंती पाडतो. बाबांचा शब्द नाही पाडत."

दुसऱ्या दिवशी मॅडमनी जुन्या दप्तरातून मूळ नकाशा शोधून आणला. माझ्या जागेवर तपकिरी, गोल, एका बाजूला ओघळलेला तो डाग. मिस्त्रींनी तो नखानं खरवडला, नाकाशी नेला.

"चहा आहे," मॅडम हळूच म्हणाल्या.

"साहेबांचा असणार. बाबा चहा घेत नव्हते." मग त्यांनीच हातोडी उचलली. "मग मीच फोडतो. परक्याचा हात नको."

ते शिडीवर चढले. माझ्या कपाळावरचा गिलावा खपल्या खपल्यांनी पडू लागला. इतक्या वर्षांच्या थापा त्याबरोबर खाली पडत होत्या. आतून कागदाची कड दिसली आणि मिस्त्रींचा हात थांबला.

"चार घड्या," ते म्हणाले. "माझ्या वह्यांना कव्हरं घालायचे, ती अशीच." आणि शिडीवरच बसले. "म्हणजे बाबांना ठाऊक होतं. ठाऊक असून मला खोटं सांगितलं."

जन्मात पहिल्यांदा मला शरम वाटली.

त्यांनी कागद ओढला. येईना. छिन्नी लावली, तरी येईना. कागदाचा पत्रा झाला होता. "तुम्ही उतरा," म्हणत मॅडम स्वतः चढल्या. त्यांनी स्टीलची पट्टी खुपसली, ती वाकली. मग बीमखालून या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी ताणायला लावली. मधे, माझ्या डोक्यावर, बीमचं पोट दोरीच्या खाली आलं होतं.

"थांबा! कोणी हात लावू नका ह्याला." मॅडम ओरडल्या. "वर फायलींची कपाटं होती ना, त्या वजनानं बीम वर्षानुवर्षं वाकत ह्याच्यावर येऊन टेकलाय. मिस्त्री, आता खरंच भार आहे ह्याच्यावर."

मिस्त्रींनी धुळीच्या हातानं डोळे पुसले, म्हणून जास्तच पाणी आलं. "म्हणजे आमचे बाबा खोटं नाही बोलले."

"बोलले," मॅडम हसल्या. "जरा लवकर बोलले, इतकंच."

"आणि माझं काउंटर?" मालक.

"काउंटर सरकवता येतं. खांबच तोडायचा असेल तर तोडू की. फक्त तोडताना तुम्ही इथं खाली उभे राहा."

मालकांना त्या क्षणी माझ्याविषयी जे प्रेम उत्पन्न झालं, ते आजतागायत टिकून आहे.

काउंटर डावीकडे सरकलं. मला नवा रंग मिळाला, कमरेभोवती गोल बाक आला. मिस्त्री अधूनमधून येतात, त्यावर बसून पाठ टेकतात आणि चहा पितात. चहा न पिण्याची बापाची सवय त्यांनी घेतली नाही.

सगळं छान आहे. माझाच तेवढा जीव थाऱ्यावर नाही. काहीच पेलत नव्हतो तेव्हा इमारत पेलल्याच्या गप्पा मारत मजेत उभा होतो. आता वर कोणी बॅग ओढली, पलंग सरकवला, एखादं पोर उडी मारायला लागलं, की मी विटा आवळून धरतो. मनात येतं, आपल्याला धड झेपतंय ना? खालचा पाया कंबरभर होता की गुडघाभर, हे आठवत बसतो.

तेव्हा पाहुणेमंडळी, या, बसा, टेका, प्रवासाचा शीण माझ्यावर घाला. फक्त "तुझ्यावर काय काय उभं आहे रे?" असं विचारू नका. आता खरं सांगावं लागेल, आणि मला त्याची सवय नाही.