घोड्याचा चौथा पाय

पोस्टातल्या बाईंनी आकडा सांगितला तेव्हा मामांना वाटलं, मशिनवर एखादं शून्य जास्तच दाबलं गेलं असणार.

"बाई, घोडा पाठवायचाय. मी त्याच्यावर बसून जाणार नाहीये."

"तुम्ही बसला असतात तरी हवेपेक्षा स्वस्त पडला असतात," बाई खोक्याला टेप लावून मापत म्हणाल्या. "घोडा हलका आहे, पण खोका केवढा! परदेशी पार्सलला वजन आणि आकार दोन्ही बघतात. जे महाग पडेल ते लागतं."

"म्हणजे त्याच्या पोटाखालच्या हवेचे पैसे?"

"हवेचेच."

मामांनी उभा जन्म लाकूडकाम केलं, पण गिऱ्हाइकाला हवा विकायचं काही त्यांना सुचलं नव्हतं. घोडा काखोटीला मारून ते तणतणत कारखान्यात परतले.

मामा म्हणजे सुतार. भाचे असलेले-नसलेले सगळेच त्यांना मामा म्हणत. फक्त एक माणूस त्यांना बुटक्या म्हणायचा, तो म्हणजे लंबू. दोघांनी एकाच बाकावर, खांद्याला खांदा लावून आयुष्यभर काम केलं. खरं तर खांद्याला कोपर, कारण लंबूची उंचीच तशी होती. कपाटाचं दार केसभर हुकलं तरी लंबू ते उतरवायला लावायचा आणि वर मामांची अक्कल काढायचा. मग लंबूची बायको वारली आणि त्याला लेकीने परदेशात आपल्याकडे नेलं. तिथे सगळं होतं. लेक होती, जावई होता, छोटी नात होती. नव्हतं ते फक्त काम.

"काय करतोयस?" मामा फोनवर विचारायचे.

"बसलोय."

"अरे, एखादं स्टूल तरी बनव."

"हात गेले रे माझे. सोडलं मी ते सगळं."

हे 'सोडलं' मामांच्या जिव्हारी लागलं होतं. म्हणून तर नातीच्या पहिल्या वाढदिवसाचं निमित्त काढून त्यांनी हा डुलणारा घोडा केला. तो बघून लंबू निदान नावं ठेवायला तरी तोंड उघडेल, एवढीच त्यांची आशा होती.

आणि आता तो घोडा हवेपायी अडला होता.

दुसऱ्या दिवशी मामा पोस्टात जाऊन बाईंचं डोकं खाऊन आले. लहान पाकिटं स्वस्त जातात, हे कळल्यावर त्यांनी घोड्याचे सांधे धरणाऱ्या लाकडी खुंट्या काढल्या आणि त्याचे तुकडे केले. ते जोडायचं काम जावयावर सोपवायचं ठरलं.

"अहो, हप्त्याहप्त्याने घोडा?" मामी कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या. "शेपूट पोचेपर्यंत ती पोरगी कॉलेजात जाईल."

पण पोस्टाचा हिशेब काही मामांच्या पचनी पडेना. डोकं जड असून स्वस्तात गेलं आणि मान हलकी असून महागात, कारण ती लांब होती. दोन पाय एकत्र बांधले तर फायदा, तिसरा घातला की एकदम दुसराच दर. मामा रोज नवा तुकडा आणि नवा वाद घेऊन हजर. ते दारात दिसले की रांगेतली माणसं गुपचूप शेजारच्या खिडकीकडे सरकू लागली. बाई मात्र इरेला पेटल्या होत्या. त्या आता स्वतःच सुचवायच्या, "मामा, कान काढता येतील का?"

शेवटी राहिला एक पाय. घरातले खोके संपले होते, म्हणून मामांनी तो पुठ्ठ्यात गुंडाळून दोरीने करकचून बांधला. नेमक्या त्या दिवशी बाई रजेवर. खिडकीत बसलेल्या नव्या माणसाने पाकीट तोललं, पैसे घेतले आणि शिक्का मारला. मामा शीळ घालत घरी आले.

वाढदिवस चार दिवसांवर आला आणि पाय दारात परत आला. वर शिक्का होता, 'टपालखर्च अपुरा'. मामा तो घेऊन तडक पोस्टात गेले.

"गोल गुंडाळीला दर वेगळा असतो हो," बाई हळहळत म्हणाल्या. "मी असते तर सांगितलं असतं. आता पाठवला तरी वेळेत पोचायचा नाही."

मामांनी तिथूनच लंबूला फोन लावला आणि सगळी रामकहाणी सांगितली.

"म्हणजे तीन पायांचा घोडा?" लंबू म्हणाला.

"जावयाला सांग, एखादा टेकू दे म्हणावं. तेवढा दिवस निभेल."

"टेकू?" लंबू म्हणाला आणि फोन बंद झाला.

त्या चार दिवसांत मामांचं कशात लक्ष लागेना. जेवणावरची वासना उडाली. आधीच खचलेल्या मित्राच्या घरी, भर पाहुण्यांत, आपण एक लंगडा घोडा उभा केला, हे त्यांना राहून राहून टोचत होतं. मामींनी समजूत घालून पाहिली, पण उपयोग झाला नाही.

वाढदिवसाला लंबूचा व्हिडिओ कॉल आला. मामांनी भीत भीतच उचलला. पडद्यावर छोटी घोड्यावर बसून खिदळत होती आणि घोडा मस्त डुलत होता. मामांनी चष्मा पुसून पाय मोजले. चारही होते! तीन पांढऱ्या लाकडाचे आणि एक काळपट.

"जावयाची मोडकी खुर्ची होती," लंबूचा आवाज आला. "टेकू म्हणे! लाज नाही वाटली? आणि बुटक्या, तुझ्या बाकीच्या पायांच्या खुंट्या कसल्या ढिल्या रे! सगळ्या काढून नव्या बसवल्या मी. इतकी वर्षं माझ्या शेजारी उभा राहून काय शिकलास?"

शिव्या खाऊन इतकं बरं मामांना आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

"हत्यारं कुठून आणलीस?"

"शेजाऱ्याची. त्याची भाषा मला येत नाही, माझी त्याला येत नाही. पण त्याची पटाशी बोथट होती, ती धार लावून दिली तेव्हा समजलं त्याला."

"आणि हात? हात दुखले नाहीत ना? नीट सांग की, किती वेळ लागला, कसं—"

"नंतर, नंतर! तो शेजारी खिडकीचं दार काढून घेऊन आलाय. बंद होत नाही म्हणे. ठेव आता, मला वेळ नाही." आणि पडदा काळा झाला.

मामी स्वयंपाकघरातून डोकावल्या. मामा फोन हातात धरून बसले होते आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"अगंबाई, एवढ्यात ठेवला? भांडलात की काय?"

"नाही गं," मामा डोळे पुसत, हसत म्हणाले. "कामावर गेलाय तो."