शुक्रवारच्या पाळीतली दातेरी डबी

मित्रांनो, तुम्ही मला ओळखणार नाही आणि तुमच्या घरात माझ्यासारखी कुणी नसावी हेच बरे. मी एक जुनी दातेरी डबी आहे. माझ्या दोन्ही भागांना आतून दात आहेत. मधे गांजाची वाळलेली बोंडे ठेवायची आणि झाकण फिरवायचे, की त्यांचा भुगा होतो. भुगा मधल्या कप्प्यात पडतो. त्यातली अगदी बारीक पूड जाळीतून गळून तळाच्या कप्प्यात साठते. हा तळाचा कप्पा तेवढा लक्षात ठेवा.

माझा जन्म कारखान्यात झाला. एका साच्यातून आम्ही हजारो बहिणी निघालो, त्यामुळे घराण्याचा अभिमान वगैरे मला नाही. होम हिल या परदेशातल्या उसाच्या गावातल्या तंबाखूच्या दुकानात लायटर आणि भिकार चाकू यांच्यामध्ये मी बरेच दिवस पडून होते. तिथून मला वॉरिकने उचलले.

वॉरिक पूर्वी सैन्यात होता. अफगाणिस्तानातून परतला तो झोप तिकडेच ठेवून आला. आता तो उसाच्या शेतांवरचे पंप दुरुस्त करायचा. पंप त्याला कळायचे, माणसे कळेनाशी झाली होती. दार आपटले की तो भिंतीला चिकटायचा. स्वप्नात ओरडायचा, हात झाडायचा. असाच एकदा झोपेत त्याचा हात बायकोच्या तोंडावर बसला. तेव्हापासून जनीन, म्हणजे त्याची बायको, परसातल्या कॅरॅव्हॅनमध्ये, म्हणजे गाडीला जोडून ओढायच्या चाकांवरच्या खोलीत, झोपू लागली.

"ऊसतोडणी संपेपर्यंत थांबते," ती त्याला म्हणाली होती. "तोवर तुझ्यात फरक पडला तर ठीक. नाहीतर ही कॅरॅव्हॅन गाडीला जोडीन आणि बोवेनला बहिणीकडे जाईन. मला तुझा राग नाही रे. मला तुझी भीती वाटते."

तिचे हे बोलणे वॉरिकला फार लागले. म्हणूनच त्याने डॉक्टर मोआलाबाईंना फोनच्या पडद्यावर गाठले. बाईंनी त्याला औषधी गांजा लिहून दिला आणि पडद्यावरून स्वच्छ शब्दांत सांगितले, "हे बघा, अमुक वाणानं हा आजार बरा होतो असं मला ठाऊक नाही, आणि कुणी छातीठोक सांगितलं तर विश्वास ठेवू नका. आपण हलक्यापासून सुरू करू. एकच वाण, अगदी थोडा, वाफ ओढायच्या यंत्रातून. काही आठवडे दुसरं काही नाही. मग फरक बघू. आणि टाउन्सव्हिलला मानसोपचाराला जायचंच. खरं काम तिथं आहे."

सरळ बोलणे होते. एखाद्या मेंढीलाही कळले असते. वॉरिकने मान डोलावली.

पहिला वाण आला तो अगदी साधा होता. त्याला नाव नव्हते, नुसता क्रमांक होता. नशेचा अंश कमी, वासाला वाळल्या गवतासारखा. मला तो चावताना काही विशेष वाटले नाही, आणि औषध चावताना काही विशेष वाटू नये असे माझे मत आहे. पण थोड्याच दिवसांत वॉरिक सलग झोपू लागला. एका सकाळी जनीनने कॅरॅव्हॅनच्या पायरीवर बसून त्याच्यासोबत चहा घेतला. तिने दार उघडेच ठेवले होते. ते उघडे दार बघून वॉरिक दिवसभर पंपांशी शीळ घालत बोलत होता.

आणि मग तो शुक्रवार आला.

वॉरिकच्या शेडमध्ये दर शुक्रवारी दुपारी त्याचे दोन जुने साथीदार जमायचे, मॅका आणि स्पड. दोघेही त्याच्याच तुकडीतले, दोघांनाही तोच आजार, दोघांनाही गांजाच लिहून दिलेला, फक्त वाण वेगळे. आता या लोकांची एक रीत आहे, तिला ते शाउट म्हणतात. दारूच्या गुत्त्यात एकाने सगळ्यांसाठी बिअर घ्यायची, पुढच्या वेळी दुसऱ्याने, मग तिसऱ्याने. पाळी चुकवणारा कंजूष आणि दुसऱ्याच्या पाळीला नाही म्हणणारा त्याहून नीच. बाप मेला तरी चालेल, शाउट मोडायचा नाही. बिअरपुरते हे ठीक आहे. या तिघा शहाण्यांनी ही रीत औषधाला लावली.

"आज पाळी माझी!" मॅकाने बरणी बाकावर ठेवली. "वाणाचं नाव मध्यरात्रीची मगर. हुंगून बघ गड्या. पुदिना आणि डिझेल."

"डिझेल कशाला हुंगायचं?" वॉरिक म्हणाला. "दिवसभर तेच तर हुंगतो."

"तुला वाणांतलं काय कळतंय? माझं नाक सांगतं मला. याच्यानं स्वप्नंच पडत नाहीत."

मॅकाचे ते नाक सूर्याने सोललेले आणि बारा महिने सर्दीने बंद असलेले होते. त्या नाकावर तिघांचे आरोग्य उभे होते. स्पड नाकाच्या भानगडीत पडायचा नाही, तो नावावर जायचा. सेनापतीची उशी, जांभळे वादळ, असली नावे वाचून त्याचे डोळे पाणवायचे. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा! मी ती उशीही चावली आहे आणि ते वादळही. दोन्ही एकाच शेतात वाढल्यासारखी लागली.

वॉरिक मात्र हळूच म्हणाला, "डॉक्टरीणबाई म्हणाल्यात, एकच घ्यायचं. आणि एकमेकांचं औषध द्यायला-घ्यायला कायद्यानंही बंदी आहे म्हणे."

मॅकाने वॉरिकच्या औषधावरची चिठ्ठी वाचली. मग मॅका हसला.

"अरे, तुझ्या त्या क्रमांकाचा नशेचा आकडा तरी बघ. हे तर पोरांच्या वाढदिवसाचं सरबत! स्पड, याला दूध दे रे कपात."

"माझा शाउट तू नाकारणार?" स्पडचा आवाज खरोखरच दुखावलेला होता. "पुढच्या शुक्रवारी माझा आहे. तोही नाकारणार?"

या तिघांनी गोळ्या अंगावर घेतल्या होत्या, पण 'नको गड्या' एवढे दोन शब्द त्यांच्या घशातून निघत नव्हते. वॉरिकने मला खिशातून काढले आणि मगर माझ्या दातांत कोंबली. पुढच्या शुक्रवारी उशी आली, त्याच्या पुढच्या वेळी वादळ. सगळे माझ्यातूनच गेले. मॅका माझे कौतुक करायचा, "काय दात आहेत हिचे!" मी त्या कौतुकावर थुंकले असते, पण मला तोंड असून थुंकी नाही. एवढे सगळे दळूनही या बहाद्दरांनी मला एकदा धुतले नाही. माझे दात चिकट झाले, जाळी तुंबली आणि तळाच्या कप्प्यात सगळ्या वाणांची मिळून हिरवट पूड साठत गेली.

वॉरिकची झोप पुन्हा मोडली. कोणत्या वाणाने मोडली? ते ब्रह्मदेवालाही सांगता आले नसते. पण वॉरिकने निकाल लावला, की तो साधा क्रमांकच कुचकामी आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी! त्याने मोठ्या आकड्याचा वाण मागितला. डॉक्टर मोआलांनी विचारले, "आणखी काही घेताय का?" तो म्हणाला, "छे." टाउन्सव्हिलला तर तो फिरकलाही नव्हता.

उसाच्या गावात फड तोडायच्या आधी पेटवतात. शेजारचा ज़ानेला नावाचा शेतकरी रीतीप्रमाणे सकाळी सांगून गेला होता, "आज संध्याकाळी तुमच्या मागचा तुकडा पेटवतोय हां. कपडे आत घ्या." वॉरिकने हो म्हटले आणि विसरला. दुपारी मॅकाने फोनवरून त्याला नवी अक्कल शिकवली. "तळाच्या कप्प्यातली पूड घे, लेका. तो सगळ्या वाणांचा अर्क. एकदम उतारा!" वॉरिकने चाकूच्या टोकाने माझा तळ खरवडला आणि ती पूड यंत्रात घातली.

त्याचा चेहरा मी बघत होते. घाम फुटला, छाती धडधडू लागली, डोळे शेडच्या दारावर खिळले. नेमका त्याच वेळी मागे फड पेटला. पेटलेला ऊस तडतडतो, तुम्ही ऐकला असेल. वॉरिकने तो ऊस म्हणून ऐकलाच नाही. मला खिशात घेऊन तो धावत सुटला. कॅरॅव्हॅनचे दार त्याने उपटल्यासारखे उघडले, जनीनला मनगटाला धरून बाहेर ओढले आणि पाण्याच्या टाकीमागे जमिनीवर दाबून धरले.

"डोकं खाली! डोकं खाली ठेव!"

"वॉरिक, ऊस आहे तो! ऊस! माझा हात सोड, हात मोडतोय!"

हात मोडलाच. तो तिला वाचवत होता, हे तिलाही कळत होते. म्हणूनच ती नंतर रडली नसावी.

इस्पितळातून ती प्लास्टर घालून आली आणि सरळ कॅरॅव्हॅनकडे गेली. कॅरॅव्हॅनला जमिनीवर टेकवायचे चार पाय असतात, ते दांडा फिरवून वर घ्यावे लागतात. प्लास्टरमधल्या हाताने दांडा फिरेना.

"वॉरिक," तिने हाक मारली. "पाय वर घे. आणि गाडीला जोडून दे."

"मी?"

"मग कोण, मॅका?"

त्याने एकेक पाय वर घेतला. शेवटच्या पायाशी तो थांबला.

"आता काय घेत होतास ते तरी सांग," ती म्हणाली.

"बाईंनी दिलेलं. म्हणजे ते, आणि मॅकाचं. स्पडचंही. आणि ती खालची पूड."

"बाईंनी काय सांगितलं होतं?"

"एकच घ्यायला."

"मग?"

"शाउट होता गं."

जनीनने प्लास्टरचा हात त्याच्यासमोर धरला. "हा कुणाचा शाउट? कुणाच्या पाळीचा धरायचा?" त्याने शेवटचा पाय वर घेतला. "तू काय घेतोस हे एका वाक्यात सांगता येईल, तेव्हा फोन कर. त्याआधी करू नकोस."

एका हाताने गाडीचे स्टिअरिंग धरून ती गेली. मला माणसांची कीव सहसा येत नाही. त्या दिवशी वॉरिकची आली आणि त्याचा मला संतापही आला.

शुक्रवारी मॅका स्पडसोबत बरणी घेऊन हजर. जनीन गेल्याचे ऐकून त्याने वॉरिकची पाठ थोपटली आणि म्हणाला, "यावर जालीम वाण आणलाय, गड्या. दुःखावर खास."

वॉरिकने बरणीचे झाकण लावून ती त्याच्या हातात परत दिली. "नको, गड्या."

"माझा शाउट आहे!"

"ठाऊक आहे. चहा पिणार असशील तर बस."

मॅका लाल झाला. "बायको पळाली आणि साहेब बिघडले!" असे म्हणून तो स्पडला घेऊन निघाला. स्पड दारात घुटमळला आणि मग त्याच्यामागे गेला. उथळ पाण्याचा खळखळाट त्यांच्याबरोबर गेला.

मग वॉरिकने आयुष्यात पहिल्यांदा एक शहाणपणाचे काम केले. तळाची पूड मातीत मिसळून फेकून दिली आणि मला स्पिरिटमध्ये बुडवून, टूथब्रशने दात न् दात घासून, उकळत्या पाण्यातून काढले. डॉक्टर मोआलांना सगळे खरे सांगितले. बाई रागावल्या नाहीत. "बरं झालं सांगितलंत," म्हणाल्या. "आता बोंडं बंद. बाटलीतलं तेल देते. एकाच वाणाचं, नशा जवळजवळ नाहीच. थेंब मोजून घ्यायचे. आणि टाउन्सव्हिल?"

"या बुधवारी जातो."

तो खरेच गेला, आणि दर बुधवारी जात राहिला. परत आला की शेडमध्ये बराच वेळ नुसता बसायचा. तेलाने चमत्कार झाला नाही. स्वप्ने पडतच होती, पण आता कोणत्या दिवशी काय झाले आणि का, हे त्याला सांगता येत होते. मग एके दिवशी त्याने फोन लावला. मी बाकावरच होते.

"जनीन, एकाच बाटलीतलं तेल घेतो, सकाळ-संध्याकाळ, आणि बुधवारी बोलायला जातो."

पलीकडे तिने रेडिओ बंद केला. मग ती म्हणाली, "झालं वाक्य?"

"झालं."

"रविवारी येते. मला एका हातानं गाडी मागे घेता येत नाही. परसात उभा राहून दिशा दाखव, आणि ओरडू नकोस."

ती आली. अजून ती कॅरॅव्हॅनमध्येच झोपते, उगाच गोड शेवट मला जमत नाही. ज़ानेला फड पेटवणार असला की दोघे गाडी काढून अल्व्हाच्या किनाऱ्यावर जातात आणि धूर विरेपर्यंत तिथेच बसतात. सकाळी मात्र दोघे एकाच टेबलावर खातात.

माझे काय झाले विचारता? तेलाला दातांची गरज नसते. मी बेकार झाले. मित्रांनो, म्हातारपणी एवढेच सांगते. तुमच्या घरात जे भांडे असेल ते धुऊन ठेवत जा, एकाचे औषध दुसऱ्याच्या भांड्यात जाऊ देऊ नका, आणि कुणी प्रेमाने आपले औषध पुढे केले तर प्रेम ठेवून घ्या, औषध परत करा. एवढे कळायला दात लागत नाहीत.

जनीनने मला स्वयंपाकघरात नेले आहे. माझ्यात आता मिरी दळतात. माझ्यासारखीने मिरी दळावी! मिरीचा मी मनापासून तिरस्कार करते, ती जाळीत अडकते आणि शिंका आणते. पण मनगट अजून पुरते वळत नसल्यामुळे जनीनला माझे झाकण फिरवता येत नाही. म्हणून ते वॉरिक फिरवतो आणि पूड भुरभुरवतो, आधी तिच्या न्याहारीच्या अंड्यावर, मग स्वतःच्या.