निळ्या दिव्याखालचा निळा

आमच्या जावईबापूंनी बैठकीच्या खोलीत समुद्र ठेवलाय. काचेची टाकी, विकत आणलेलं मीठ आणि आत पोवळ्याचं झाड. झाड म्हणायचं आपलं. तो जीव आहे, हे मला सहा वर्षांत सहाशे वेळा ऐकवून झालंय. आणला तेव्हा नखाएवढा तुकडा होता, आता ताटाएवढा झालाय. स्वतःचं जेवण विसरतील, त्याचं औषध नाही.

गेल्या महिन्यात फांद्यांची टोकं पांढरी पडायला लागली.

"आयोडीन कमी पडतंय," ते म्हणाले. मग रोज कामावरून आले की टाकीसमोर बसायचं, नळीत टाकीतलं पाणी घेऊन तपासणीच्या रसायनाचे थेंब टाकायचे आणि पाणी निळं झालं की कार्डावरच्या चौकोनांशी ताडून बघायचं. जितकं गडद, तितकं आयोडीन जास्त. रोज फिकटच दिसायचं. म्हणून टाकीत रोज चार थेंब आयोडीन, पुढे सहा. तरी पांढरेपणा आणखी बोटभर खाली सरकला.

मी चौथी नापास. पण कापड रंगवायच्या कारखान्यात एकतीस वर्षं छटा जुळवल्यात. दिव्याखाली रंग ठरवायचा नाही, हे तिथे पहिल्याच दिवशी शिकवतात. आणि हे महाशय टाकीच्या निळ्या दिव्याखाली निळा रंग बघत होते. निळ्या उजेडात निळा फिकाच दिसणार.

"जावईबापू, उजेडात बघा."

"आई, यात रसायनशास्त्र असतं."

"असेल. दिवापण असतो."

लेकीने डोळे वटारले. मी गप्प बसले, म्हणजे आणखी एकदाच बोलले.

"आज दहा थेंब घाला. उद्यापासून बघायला नको."

त्यांनी बाटली खाली ठेवली. आपटून, पण ठेवली.

"सकाळी बघू. तुमच्या समाधानासाठी."

सकाळी टाकीतलं नवं पाणी घेऊन, त्यात थेंब टाकून नळी मी खिडकीशी धरली. कार्डावरचा सगळ्यात गडद चौकोनही तिच्यापुढे फिका. जावईबापूंनी नळी बघितली, कार्ड बघितलं, लेकीकडे बघितलं. मी सोडून सगळं बघून झालं.

"मीच मारत होतो त्याला," ते म्हणाले.

"औषधच होतं. हात सैल सुटला." एवढं तरी म्हणावं माणसाने.

आयोडीन बंद केलं. आठवडाभर बादल्यांनी पाणी बदललं. निम्म्या फांद्या वाचल्या, निम्म्या रसायनशास्त्राला गेल्या.

आता दर रविवारी सकाळी नळी माझ्या हातात येते. छटा मी सांगते, वहीत ते लिहितात. अक्षर चांगलं आहे त्यांचं.