टेकचंदची कमजोरी

केशोरी गावातल्या पानठेल्यावर टेकचंद एवढंच म्हणाला होता, "कमजोरी येऊन राहिली बा." थकवा हा शब्द तिथे कोणी बोलत नाही. अंग गळालं, पाय जड झाले, भरदुपारी डोळे मिटायला लागले, की माणूस कमजोरीच म्हणतो. पण गोंदियाच्या रस्त्यावरच्या भिंतींनी या शब्दाचं केव्हाच वाटोळं केलं होतं. त्यांच्यावर हातभर पिवळ्या अक्षरांत एकच, मर्दानी कमजोरी रंगवलेली असते आणि तिच्याखाली फोन नंबर.

ठेल्यावरचे फिदीफिदी हसले. "मंग वैनी पोरीच्या खोलीत झोपते, ते उगाच नाई!"

टेकचंदने चुन्याची डबी उचलून बोलणाऱ्याच्या अंगावर फेकली आणि घर गाठलं. राग मात्र उतरला नाही, कारण जमुना खरंच पोरीच्या खोलीत झोपत होती. टेकचंद धानाच्या मिलसारखा घोरायचा, म्हणून ती उठून गेली होती. यात लपवण्यासारखं काही नव्हतं. पण आता खरं सांगितलं तरी तो बहाणाच ठरला असता.

टेकचंद रहांगडाले वीज कंपनीत लाईनमन होता. पन्नाशीला आलेला, अंगाने भरलेला, जाड मानेचा. एक गोष्ट त्याने घरातही सांगितली नव्हती. लाईन बंद करून तो खांबावर चढला होता आणि तार बांधता बांधता त्याचा डोळा लागला. कमरेच्या पट्ट्यात लटकून, लोखंडाला गाल टेकवून तो चक्क झोपला. खालून जोडीदार चुन्नीलालने बोंब मारली तेव्हा तो जागा झाला. उतरल्यावर चुन्नीलाल म्हणाला, "आता मी चढतो. तू खाली राय." खाली उभं राहून वर पाना देणारा लाईनमन! त्यापेक्षा नोकरी सोडलेली बरी, असं टेकचंदला वाटलं.

म्हणून त्याने भूपेंद्रचं ऐकलं. भूपेंद्र जमुनाचा भाऊ, गोंदियात मोबाईलचं दुकान चालवणारा. "भाऊजी, चाळिशीनंतर टेस्टोस्टेरॉन उतरते. मर्दाचा हार्मोन आहे तो. मी सोता त्याची सुई घेऊन राहिलो, पाहा दंड!" दंड दाखवायला त्याने भर दुकानात बाही वर केली. रक्त तपासलं तर हार्मोन खरंच कमी निघाला. पुन्हा तपासला, तरी कमीच. टेकचंदला बरं वाटलं. निदान काहीतरी सापडलं होतं, आणि त्याच्यावर सुई होती.

सुईच्या दिवशी जमुनाही सोबत निघाली. दवाखान्यात अटेंडंटने तिला दारातच अडवलं. "भाभीजी, आप बाहर बैठिए. जेंट्स का मामला है." बाकावरच्या पुरुषांनी आधी टेकचंदकडे पाहिलं, मग तिच्याकडे. तो मान खाली घालून आत शिरला.

"झोप कशी आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"मस्त."

"घोरता?"

टेकचंदला पानठेल्यावरचं हसणं ऐकू आलं. "नाई जी."

डॉक्टरांनी समजावलं, की सुईने रक्त घट्ट होऊ शकतं, तपासत राहावं लागेल. टेकचंद नुसता मान हलवत होता. नर्सने सुई भरायला घेतली, तेवढ्यात बाहेरून अटेंडंटचा आवाज आला. "कब से अलग सो रहे हैं? आपके भाई ने फोन पे बताया था."

"काय सांगलं भूपेंद्रनं?" जमुनाचा आवाज चढला. "अवो, घोरते ते! म्हून वेगळी झोपते मी!"

दार धाडकन उघडलं.

"डॉक्टरसाहेब, हे घोरते म्हून सांगलं काय यायनं?"

"जमुना, बाहेर जाय!" टेकचंद ओरडला.

"नाई जात. घोरते, अन् मधातच दम बंद होते यायचा. मले वाटते, गेले आता. मंग एकदम धडपडून श्वास घेते. पोरीच्या खोलीत झोपली तरी माहे कान इकडंच राह्यते."

डॉक्टरांनी हात वर करून नर्सला थांबवलं. "तुम्ही तर नाही म्हणालात," ते टेकचंदला म्हणाले.

"अन् मले कोणी इच्यारलं?" जमुना म्हणाली. "मले त बाकावर बसवलं!"

डॉक्टरांनी सुईची चिठ्ठी बाजूला सारली. मग म्हणाले, "झोपेत श्वास अडकत असेल तर थकवा त्याचाच असू शकतो. हार्मोनही त्यानेच उतरला असेल. आणि या सुईने श्वास आणखी अडकू शकतो. आधी नागपूरला झोपेची तपासणी करा. आज सुई नाही."

"द्या ना जी! एवढी इज्जत घालवून आलो त देऊन टाका!"

"नाही."

टेकचंद ताडताड बाहेर आला. बाकावरचे सगळे त्याच्याकडेच पाहत होते. रस्त्यावर येताच तो जमुनावर फिरला. "साऱ्या दवाखान्यासमोर तमाशा केला माहा!"

"अन् तुमी खांबावर झोपले, तो तमाशा नोहोय?" जमुनाचा आवाज फाटला. "चुन्नीभाऊनं सांगलं मले. तुमाले लाज वाटल म्हून चूप बसली मी. उद्या पट्टा तुटला, त तुमची इज्जत घेऊन काय करू मी? चुलीत घालू?"

तेवढ्यात टेकचंदला भूपेंद्रचा फोन आला.

"झाली का सुई, भाऊजी?"

"नाई झाली. घोरतो मी."

"आँ?"

"घोरतो! बहिरा आहेस काय बे? अन् त्या अटेंडंटले माह्या घरातलं सांगाले तुले कोणी बोलावलं होतं? तूबी दम लागेपर्यंत घे सुया!"

त्याने फोन कापला. जमुनाकडे न पाहता त्याने चुन्नीलालला फोन लावला.

"उद्या तू चढजो. मी खालून पाना देतो."

"बरं बा. पण चिल्लावतं कायले?"

"चिल्लावतो! माही मर्जी!"

जमुना गाडीपाशी जाऊन उभी राहिली होती. त्याने किल्ली काढली, दोनदा चुकीच्या बाजूने घातली, आणि गाडीलाही एक शिवी हासडली.